बंदुकीच्या परवान्यावरची मिशी

सासरी लिहिलेलं असं एकच होतं, ते म्हणजे बंदुकीचा परवाना. बांबूच्या नळीत गुंडाळून तो माजघरात बंदुकीशेजारी खुंटीला टांगलेला असे. वलगावच्या अलीकडे पेढी नदीच्या काठाला आमचं गाव. गावात बंदूक एकच, ती आमच्या घरी, आणि कागदही एकच.

माझं माहेर अकोल्याचं. मोर्णेच्या काठी बापाचा भाजीचा मळा होता. पंतोजींच्या घरी रोज भाजी जाई, तिच्या बदल्यात पंतोजी मला ओसरीच्या कोपऱ्यात बसू देत. मुलांकडे पाठ करून बसायचं आणि ऐकायचं. अशी मी चौथ्या पुस्तकापर्यंत शिकले. मोडीही वाचता येऊ लागली. सासरी पाठवताना बाप म्हणाला, "तिथं वाचता येते म्हनून सांगू नको. पोरगी वाचू लागली का घरात कोनी मरते, असं लोक म्हनतात." मी नाही सांगितलं. मला तसंही फारसं काही सांगायची सवय नव्हती.

पण डोळ्यांना सवय लागली होती. माजघर झाडायला माझ्याकडे असे. सगळे मळ्यात गेले की मी नळीतून कागद काढी, वाची, आणि होता तसा गुंडाळून ठेवी. दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून तोच वाची. तीन वर्षांत तो मला पाठ झाला. त्यात लिहिलं होतं की ही ठासणीची एक नळीची बंदूक फक्त पिकाच्या राखणीसाठी आहे. ज्याच्या नावानं परवाना, त्यानंच ती वापरावी. दुसऱ्याच्या हाती देऊ नये. गावात बार काढू नये. बंदुकीची दारू एका शेराच्या वर ठेवू नये. साल संपायच्या आत बंदूक आणि परवाना घेऊन जातीनं कचेरीत हजर व्हावं, नाहीतर बंदूक सरकारजमा होईल आणि धन्याला सजा होईल.

खाली मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, चेहरेपट्टी होती. उंची मध्यम. वर्ण सावळा. नाक सरळ. मिशी काळी, भरघोस, गालापर्यंत वर वळलेली. डाव्या हाताची करंगळी एका पेरानं आखूड.

मामाजींसमोर मी पदर पुढे ओढून असे, त्यामुळे त्यांचा चेहरा मी त्या कागदातच जास्त पाहिला. हात मात्र ताट वाढताना दिसत. विळ्यानं तुटलेली करंगळी उजव्या हाताची होती. मी दोनदा नीट पाहिलं. मग मला वाटलं, सरकारी कागद आहे, त्यांना माहीत असेल.

घरात परवान्यातल्या अटी कुणालाच ठाऊक नव्हत्या. बंदूक आमच्याकडून लोक लग्नकार्याच्या स्वयंपाकाचा मोठा गंज नेतात तशी नेत. लग्नाची वरात शिवेवर आली की बार काढायची चाल होती, म्हणून लग्नघरचा माणूस सकाळी यायचा, बंदूक घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुसून आणून द्यायचा. सोबत लाडूंची टोपली. टोपली लहान असली तर आत्याबाई, म्हणजे माझी सासू, पुढच्या वर्षी त्या घरी बंदूक द्यायला कुरकुर करायची. शेतात बार काढायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं, कारण मामाजींना लांबचं नीट दिसत नसे. एकदा त्यांनी आपलाच बैल जवळजवळ मारला होता.

तेव्हा समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई चालली होती आणि त्यामुळे आमच्या कापसाला न भूतो असा भाव आला होता. लढाईचा आणि कापसाचा संबंध मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं खरं, की आम्ही जातीचे माळी असून मामाजींनी वांगी, मेथी, कांदे सगळं मोडून त्या जागी कपाशी लावली. विहिरीच्या थारोळ्यापर्यंत कपाशी होती. त्या वर्षी माळ्याच्या घरात वांगं विकत आणलं. आत्याबाई ते पदराखाली झाकून आणायची.

कपाशीला बोंडं धरली आणि रोही यायला लागले. घोड्याएवढं जनावर, कळपानं येतं, हिरवी बोंडं खातं आणि उरलेलं तुडवतं. दिवस कलायच्या वेळी नवरा एक बार काढायचा, की कळप नदीपलीकडे पळायचा. त्या एका बारावर आमचं सगळं वर्ष उभं होतं.

त्याच दिवसांत मामाजींची आई वारली. म्हातारी झाली होती. दहाव्या दिवशी नदीवर न्हाव्यानं रीतीप्रमाणे मामाजींचं डोकं आणि मिशी भादरली. घरी आले तेव्हा अंगणातलं कुत्रं त्यांच्यावर भुंकलं. कुणी हसलं नाही, कारण घरात सुतक होतं.

चार दिवसांनी साल भरत होतं. मामाजी आणि माझा नवरा छकडा जुंपून अमरावतीला कचेरीत गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा छकड्यात बंदूक नव्हती आणि परवानाही नव्हता. मामाजी ओसरीवर बसले आणि पाणी मागितलं. आत्याबाईनं तांब्या दिला.

"बंदूक कुठं गेली जी?"

"ठेवून घेतली."

"काहून?"

"मी मी नाई म्हनते."

"म्हंजे?"

नवऱ्यानं मग सांगितलं. कचेरीतला कारकून पुण्याकडचा होता. त्यानं परवाना उघडला, मिशीपर्यंत वाचला, वर पाहिलं आणि पुन्हा वाचला. म्हणाला, हा गृहस्थ तुम्ही नव्हे. मामाजी म्हणाले, माय मेली, म्हणून भादरली. तो म्हणाला, वाईट झालं, परंतु कागदात मिशी आहे. पंधरा दिवसांत गावच्या पाटलाचा दाखला आणा, नाहीतर कागदाबरहुकूम हजर व्हा. दोन्ही जमलं नाही तर बंदूक सरकारजमा, आणि दुसऱ्याच्या परवान्यावर बंदूक बाळगली म्हणून खटला.

पाटलाचा दाखला मिळणं शक्य नव्हतं. पाटलानंही परवाना मागितला होता. त्याला मिळाला नाही आणि माळ्याला मिळाला. तेव्हापासून तो आमच्या घरावरून जाताना मान पलीकडे करी.

"पाटलाच्या दारी मी जात नाई," मामाजी म्हणाले. "मी कोन हाये ते त्यानं सांगावं काय?"

"मंग काय करता?" आत्याबाईनं विचारलं.

"मिशी वाढवतो."

दुसऱ्या दिवसापासून घरात मिशीची राखण सुरू झाली. मामाजी सकाळी तेल लावत. आत्याबाईनं कुणाकडून तरी ऐकून जास्वंदीची फुलं वाटून दिली. ती लावून ते ओसरीवर बसले की ओठावर लाल डाग पडे आणि येणारेजाणारे पान खाल्लंत का म्हणून विचारत. आठव्या दिवशी पांढरे-काळे खुंट दिसू लागले. परवान्यातली मिशी काळी होती, म्हणजे हीही कागदाबरहुकूम नव्हती.

इकडे रोही निवांत झाले. नवरा डबा बडवी, गोफणीनं दगड मारी. दोन दिवस ते पळाले, तिसऱ्या दिवसापासून नुसती मान वर करून पाहू लागले. नदीकडच्या सहा ओळींची बोंडं गेली. आत्याबाई शेतातून आली, मोडलेल्या फांद्या चुलीपुढे टाकल्या आणि म्हणाली, "हे घे, सरपन."

चौदाव्या दिवशी मामाजींचा दोस्त आला. तो दंडारीच्या खेळात राजाचं सोंग घ्यायचा. त्यानं धोतराच्या सोग्यातून एक पुडी काढली. तीत बकऱ्याच्या केसांची मिशी होती.

"तीन राजे केले हिनं," तो म्हणाला. "आजवर पडली नाई."

"चिकटते कायनं?"

"डिंकानं. हसू नका फक्त."

"मी कुठं हसतो?"

"तेही खरंच हाये म्हना."

मामाजींनी मिशी लावून पाहिली. माझा नवरा म्हणाला, "बाबा, कचेरी हाये ती. सरकारच्या डोळ्यात धूळ घातली म्हनून आत टाकतीन."

"आत तर असंही टाकतेत. मिशी लावून गेलो तर निदान ओळखू तरी येईन."

"घाम आला तर?"

"सकाळचं जाऊ. थंडं असते."

असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि मला दिसत होतं की कारकून मिशीवरच थांबला होता. त्यानं पुढची ओळ वाचलीच नव्हती. पुढे करंगळी होती. बोट कोणी लावून येत नाही. हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि ते मला माहीत असायला नको होतं. आजेसासू नुकतीच वारली होती. मी वाचते म्हणून म्हातारी गेली, असं म्हणायला आता जागा होती.

भाकरी करपली. आत्याबाई म्हणाली, "ध्यान कुठं हाये तुहं?"

मी म्हटलं, "कागदात करंगळीचं लिहिलंय."

"कोन्या कागदात?"

"परवान्यात."

"तुले कोनं सांगितलं?"

"वाचलं."

आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग तव्यावरची भाकरी स्वतःच उलटली.

"वाचता येते?"

"येते."

"कधीपासून?"

"माहेरापासून."

"अन तीन साल तू हे पोटात घेऊन फिरून राह्यली?" ती उठली आणि ओसरीच्या दारात गेली. मला अजून एक सांगायचं होतं, की कागदात डावी लिहिली आहे. पण तोवर ती बोलू लागली होती आणि माझा सगळा धीर 'वाचलं' या एका शब्दात संपला होता.

सून सासऱ्याशी समोर बोलत नसे. मी दाराआड उभी राहिले, मामाजी ओसरीवर, आणि आत्याबाई उंबऱ्यात. ती दोन्हीकडचं इकडून तिकडे सांगे, जरी दोन्हीकडे आधीच ऐकू गेलेलं असे.

"पोरीले वाचता येते म्हनते. कागदात तुमच्या करंगळीचं लिवलं हाये."

दोस्त म्हणाला, "बाप्पा."

"इचार तिले," मामाजी म्हणाले, "अजून काय काय लिवलं हाये."

"अजून काय काय लिवलं हाये म्हनतात."

मी सुरुवातीपासून म्हटलं. पाठ होतं म्हणून थांबावं कुठे ते कळेना. दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे झाल्यावर आत्याबाईनं पुढे सांगितलं नाही. मामाजींनी ऐकलंच होतं.

"दुसऱ्याच्या म्हंजे? लग्नाले देली तरी?"

"लग्नाचं काही लिहिलं नाही," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या, एवढंच आहे."

"पोरगा तर दुसरा नाई ना?"

"ज्याच्या नावानं परवाना, त्यानंच, असं आहे."

"गावात बार काढू नये म्हनते. मंग पोळ्याले आपन कुठं काढला?" मामाजींनी विचारलं.

"गावात," दोस्त म्हणाला. "मारुतीपुढं."

"दारू किती म्हनली?"

"एक शेर."

आत्याबाईनं मागे वळून कोठीकडे पाहिलं. कोठीत मडकंभर होती. ती मडकं नेऊन शेणाच्या उकिरड्यात पुरण्याचं बोलली, तेव्हा नवऱ्यानं तिला उकिरड्याशेजारी चिलीम ओढणारे कोण कोण बसतात ते सांगितलं. शेवटी दारू नदीत सोडायचं ठरलं.

मामाजी म्हणाले, "म्हंजे मिशी सोडून आपलं सारंच चुकलं हाये."

दोस्तानं मिशी पुडीत बांधली. नाराज दिसला.

सकाळी छकडा गेला. मी दळायला बसले. डावी की उजवी हे मी का सांगितलं नाही, हा विचार जात्याबरोबर फिरत राहिला. मिशी नाही आणि बोटही दुसरंच, म्हणजे आता कारकुनाला दोन कारणं मिळणार होती, आणि दुसरं मी दिलेलं होतं. दुपारी आत्याबाईला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आता जेव तरी." मला जेवण गेलं नाही. तिला गेलं, पण थोडंच.

दोघं दिवस मावळायच्या आत परत आले. छकड्यात बंदूक होती. मी आडोशाला जाऊन उगाच घडवंचीवरची भांडी पुसली. नवऱ्यानं आईला सगळं सांगितलं, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

मामाजींनी कचेरीत करंगळी पुढे केली. कारकुनानं कागद वाचला.

"इथं डाव्या हाताची आहे. आपण उजव्या हाताची दाखवता."

"तुटली ते दाखवतो. जी नाई तुटली ते कशी दाखवू?"

"परंतु कागदात डावी आहे."

मामाजींनी विचारलं, "हे लिवलं कोनं?"

"मीच लिहिलं."

"तवा तुमी कुठं बसले होते?"

"इथंच."

"अन मी?"

"समोर. आता आहात तिथंच."

"मंग पाहा ना जी, माहा उजवा हात तुमच्या कोन्या अंगाले येते."

कारकुनानं मामाजींच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. शिपायाला समोर उभं करून हात वर करायला लावला. खाली करायला लावला. दुसरा वर करायला लावला. मग त्यानं मागच्या फडताळातून परवान्यांचं दप्तर काढलं, चारपाच कागद चाळले आणि एका कागदावर बराच वेळ थांबला. तो एका डोळ्यानं अधू असलेल्या कुणाचा तरी होता, असं नवऱ्याला ओझरतं दिसलं. कारकुनानं दप्तर बांधलं, गाठ नीट मारली आणि शिपायाला बाहेर जायला सांगितलं.

"आपली ओळख पटली," तो म्हणाला. नवा परवाना लिहून दिला.

नवरा कागद घेऊन माजघराच्या दारात आला. मामाजी ओसरीवरून म्हणाले, "तिले म्हना, वाच."

मी वाचला. अटी त्याच होत्या. चेहरेपट्टीत मिशीच्या जागी 'मिशी प्रसंगानुसार' असं होतं, आणि पुढे 'एका हाताची करंगळी आखूड'. कोणत्या, ते कारकुनानं लिहिलं नव्हतं.

वाचून झालं तरी म्हातारी माझ्यामुळे गेली असं कुणी म्हटलं नाही. आत्याबाई फक्त म्हणाली, "आवाज बरा हाये. इतके दिवस काहून लपवला?" मग गुळाचा खडा दिला.

बंदूक आली, पण अडचण उरली. आता अटी सगळ्यांनी ऐकल्या होत्या. मामाजी एकदा ऐकलेलं सोडणारे नव्हते. लग्नाला बंदूक मागायला आलेल्या सख्ख्या भाच्याला त्यांनी रिकाम्या हातानं परत पाठवलं. तो दाराबाहेर म्हणाला, "मामा, सून आल्यापासून तू सरकारी झाला." पोरालाही त्यांनी बंदुकीला हात लावू दिला नाही. स्वतः शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून बसले. पहिल्या दिवशी रोही समजून त्यांनी बार काढला तो शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर. नशिबानं गंजी ओली होती. रोही दुसऱ्या बाजूनं येऊन निवांत खाऊन गेले.

शेजारी भांडून गेल्यावर मामाजी म्हणाले, "पोराचं नाव परवान्यात टाकाव लागते. अर्ज पायजे."

नवरा म्हणाला, "अमरावतीले लिहिनारा बसते, त्याच्याकडून लिवून घेतो."

"तो बी समोरच बसून लिहीन," मामाजी म्हणाले. "घरचीले म्हना."

कागद, बोरू आणि शाई आली. अर्जात नाव, गाव, शेत, बंदूक हे सगळं मी आत बसून लिहिलं. मग चेहरेपट्टी लिहायची वेळ आली. माझ्या नवऱ्याला मी तीन वर्षं रोज जेवायला वाढलं होतं. पण भर उजेडात, समोर, मान वर करून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तशी रीत नव्हती आणि मला हिंमतही नव्हती. वर्ण सावळा एवढं लिहिलं आणि अडले.

आत्याबाई म्हणाली, "थांबली काहून?"

"नाक आठवत नाही."

"आठवाव कायले लागते? तो काय परगावी गेला?" तिनं त्याला बोलावलं आणि अंगणाच्या बाजूच्या दारात, उजेडाला तोंड करून बसवलं. "हल्लू नको. सरकारी काम हाये," म्हणाली आणि आपण गोठ्याकडे निघून गेली.

मी पदर थोडा मागे घेतला, कारण त्याशिवाय दिसेना. नाक बसकं होतं. मिशी पातळ, खाली वळलेली. हनुवटीवर बारीक खळी. तो ताठ बसला होता आणि माझ्याऐवजी खांबाकडे पाहत होता. कानांपर्यंत लाल झाला होता, ते मी लिहिलं नाही. डाव्या भुवईच्या वर तीळ दिसला. माझ्या बाजूनं आणि त्याच्या बाजूनं असा दोनदा विचार करून मी डावाच लिहिला.

"काय लिवलं आता?" त्यानं खांबाकडे पाहतच विचारलं.

"तीळ."

"कुठं हाये?"

"भुवईवर."

"मले नाई माहीत."

"मलाही नव्हता."

त्यानं हात लावून पाहिला, भुवईच्या खाली. ओसरीवर मामाजी खाकरले, म्हणून मी बोटानं दाखवलं नाही.

"थोडा वर," मी म्हटलं.